हळदीचे कोपरे

पोस्टकार्डाचा कोपरा फाडायला मी आठवीत शिकले. तसं कोणी शिकवलं नाही. लिहिता येत होतं म्हणून लिहायला बसवलं, आणि लिहून झालं की गल्लीतलं कोणीतरी म्हातारं म्हणायचं, "आता कोना फाड व पोरी." मयताचं कार्ड तसंच जायचं. वर 'श्री' नाही, 'सप्रेम नमस्कार' नाही. कोण गेलं, कधी गेलं, तेरावं कधी, एवढंच. आणि तिकीट छापलेलं असतं त्याच्या उलट बाजूचा कोपरा चिमटीनं फाडून टाकायचा. ज्याच्या दारात ते कार्ड पडेल त्याला वाचता येवो न येवो, हातात घेताच कळायचं. ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. बाहेर उभ्यानं वाचून घ्यायचं, तिथंच फाडायचं, आंघोळ करायची आणि मग घरात पाय टाकायचा.

लग्नाच्या कार्डाचं याच्या उलट. त्याच्या चारही कोपऱ्यांना हळदीकुंकवाचं बोट. ते आलं की आधी देवाजवळ ठेवायचं, वाचायचं मागून. आमच्याकडे अर्धी बातमी कोपऱ्यातच असायची.

गावाचं नाव लिहीत नाही. भंडाऱ्याहून पवनीच्या बसमध्ये बसायचं आणि कोंढ्याच्या आधी उतरायचं, एवढं पुरे. माणसांचीही नावं लिहीत नाही. भीती वाटते म्हणून नाही. का, ते पुढे येईलच.

आजोबांचा अंगठा, बापाचा अंगठा आणि त्याच्यानंतर माझी सही, असं आमच्या घरचं आहे. तलावाखाली बापाच्या भाताच्या थोड्या बांध्या होत्या, धान व्हायचं. आई बिड्या वळायची. आणीबाणी उठली त्या साली मी भंडाऱ्याच्या कॉलेजातून बी.ए. झाले. हे मी आजही मान वर करून सांगते, कारण पाच वर्षं रोज पहाटेच्या बसनं जाणं आणि "पोरीले कायले शिकवतं गा?" हे बापानं रोज ऐकून घेणं, हे दोन्ही मी पाहिलेलं आहे. पुढे शेजारच्या गावच्या मिडल शाळेत शिकवायला लागले.

चित्रं मी कॉलेजात असल्यापासून करते. काढत नाही, चिकटवते. बसची तिकिटं, बिडीच्या बंडलांवरची लेबलं, लग्नाच्या मांडवातून उतरवलेला, उन्हानं रंग गेलेला पतंगी कागद, खताच्या पोत्याच्या आतला पापुद्रा. भाताची पेज आटवून खळ करायची आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकेक तुकडा बसवायचा. रंग विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून मी कागदाकडे वळले, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. ते खरं नाही. दुकानातल्या रंगानं अजून काही पाहिलेलं नसतं. रस्त्यावरच्या कागदानं पाहिलेलं असतं.

कॉलेजच्या गॅदरिंगला मी बिडीच्या लेबलांचं चित्र लावलं होतं. नुसते लाल-हिरवे पट्टे, खालीखाली दाटत गेलेले. एक प्राध्यापक ते पाहून म्हणाले, "यात माणूस कुठंय? बिडी वळणारी बाई काढायची. मांडीवर सूप, वाकलेली पाठ, डोळ्यांत पाणी. बक्षीस मिळालं असतं."

मी म्हटलं, "माझी आई बिड्या वळते, सर. वळताना रडत नाही. शेजारच्यांचा रेडिओ ऐकते."

बक्षीस मिळालं नाही. ते चित्र घरी आणलं तेव्हा बाप बराच वेळ त्याच्यापुढं उभा राहिला.

"हे कायचं होय व?"

"कायचंच नाही, बा."

"मंग बरं हाये. कायचंच नाही, त कोनी चुकलं म्हनू शकत नाही."

माझ्या चित्राबद्दल याहून बरं कोणी बोललेलं नाही.

आमच्या समोरचं घर धानाच्या व्यापाऱ्याचं. बसस्टँडवर त्यांचं किराणा दुकानही होतं. त्यांना आम्ही सगळे काकाजी म्हणायचो. त्यांच्या मोठ्या मुलाच्या लग्नाची कार्डं मीच लिहिली. त्यांच्या ओट्यावर बसून मी लिहीत होते आणि घरच्या बाया हळदीकुंकवाच्या वाट्या घेऊन कोऱ्या पोस्टकार्डांना आधीच बोटं लावून ठेवत होत्या. लावता लावता गठ्ठाच्या गठ्ठा पिवळा करून टाकला. लिहून झालं तरी पुष्कळ कार्डं उरली. काकाजींनी ती वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर टाकली. म्हणाले, "राहू द्या. धाकट्याच्या लग्नाले कामी येतीन."

सून आली ती करडी गावाकडची. सातवी शिकलेली, सडसडीत, बोलायला तिखट. दुपारी सासू झोपली की मागच्या दारानं आमच्या परसात यायची. हात कधी रिकामा नसायचा. काड्यापेटीच्या गठ्ठ्यावरचा निळा कागद, उदबत्तीच्या पुड्याची चमकी, साखरेच्या पोत्यातला जाड तपकिरी कागद. दुकानातलं जे फेकायचं असेल ते ती माझ्यासाठी पदराखाली घेऊन यायची.

"तुया चित्रात मानूस नसते, हे लय बरं हाये," एकदा ती म्हणाली.

"काहून?"

"मानूस काढला का कोनीतरी म्हनते, हे त माहं नाक होय. मंग भांडन."

"तुले काढू काय?"

"मले नको, बाप्पा. माहे कागद घाल. त्याच्यात मी आलीच ना."

आणि हसली. तिचं हसू मोठं होतं, परसाच्या बाहेर जायचं. मग स्वतःच तोंडावर हात ठेवायची आणि समोरच्या घराकडं बघायची.

तिच्या बापानं कबूल केलेली फटफटी आली नव्हती, हे गल्लीला माहीत होतं. आधी समोरून आवाज यायचे, मग आवाज यायचे बंद झाले. ती परसात यायची तेही कमी झालं. शेवटी आली तेव्हा निळे कागद देऊन उभ्याउभ्याच गेली.

उन्हाळ्यातली दुपार होती. स्टोव्हचा भडका झाला म्हणे. त्या घरात स्वयंपाक चुलीवर व्हायचा. स्टोव्ह होता, तो पाहुण्यांच्या चहापुरता, आणि त्या दिवशी पाहुणे नव्हते. तिला जीपमध्ये घालून भंडाऱ्याला नेलं. दुसऱ्या दिवशी आणलं ते झाकून. तिच्या मायबापाला माणूस पाठवून बोलावलं होतं, ते आले, रडले, गेले. सरकारी कागदावर अपघात आला. लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं.

दोन दिवसांनी काकाजींनी मला बोलावलं. ओट्यावर चटई टाकलेली, दौत ठेवलेली. मी बसले.

"लिव्ह," ते म्हणाले. "आमची मोठी सून अल्पशा आजाराने देवाघरी गेली."

"आजार कोणता, काकाजी?"

"तुले कायले पाहिजे? सगळे असंच लिवतात."

"मी लिहीन," मी म्हटलं, "पण भाजून गेली असं लिहीन. आजारी ती नव्हती. आठवड्याआधी माझ्याकडं आली होती."

त्यांचा मोठा मुलगा दारात उभा होता, तो आत गेला.

"बी.ए. झाली म्हनून आमाले शिकवशीन काय व? तुया बापाचं धान कोन घेते, मालूम हाये ना?"

"मालूम हाये. पवनीलेही घेतात."

मी टाक ठेवला आणि उठले. मला वाटलं होतं पाय कापतील. कापले नाहीत. हे लिहून ठेवते, कारण बाईची हकीकत सांगताना पाय कापल्याशिवाय पुढं जाता येत नाही असा लोकांचा समज आहे.

मग गावच्या शाळेतल्या मास्तरांना बोलावणं गेलं. ते लिहीत होते आणि काकाजी स्वतः कोपरे फाडत होते. मी आमच्या दारात उभी राहून बघत होते. फाडलेले तुकडे ओट्याखाली पडत होते, गरम वाऱ्यानं गल्लीभर पसरत होते. एक उडत आमच्या उंबऱ्यापाशी आला.

त्याला हळद होती.

पोस्टात जाऊन नवी कार्डं आणायला कोणी गेलंच नव्हतं. फळीवर होती ती काढली. एक कोपरा फाडला की झालं मयताचं कार्ड. बाकीचे तीन कोपरे पिवळे ते पिवळेच. दिसलं नसेल असं मी म्हणणार नाही. हळद दिसते. घरात कार्डं असताना नवी कशाला, एवढाच त्यांचा हिशोब असेल.

मी गल्लीत उतरले आणि सगळ्यांसमोर ते तुकडे वेचायला लागले. नालीतून, बैलगाडीच्या चाकाखालून. मास्तर लिहायचे थांबले. काकाजी म्हणाले, "काय करून राहिली व?" मी ओचा भरून घेतला. घरी आईनं दारातच अडवलं. "थे घरात आनशीन त पाय मोडीन तुहा!" तिचं म्हणणं बरोबर होतं, आमच्याकडचं कोणीही तेच म्हणालं असतं. मी कोपरे गोठ्यात ठेवले, आंघोळ केली आणि जेवायला बसले.

ते चित्र मी गोठ्यातच केलं. खाली तिनं आणलेला साखरेच्या पोत्याचा तपकिरी कागद. त्याच्यावर काड्यापेटीचे निळे तुकडे, फाडून, कडा पांढऱ्या ठेवून. आणि त्याच्यावर हळदीचे कोपरे, ओळीनं, जसे बायांनी बसून लावले होते तसे. ज्वाळा केल्या नाहीत. बाई केली नाही. मध्ये हातभर जागा नुसती तपकिरी सोडली, तिच्यात काहीच चिकटवलं नाही. बाप चारा टाकायला यायचा, बघायचा, काही विचारायचा नाही. एकदा फक्त म्हणाला, "खळ पातर झाली तुही. निघतीन थे." मी घट्ट केली.

दिवाळीच्या सुटीत भंडाऱ्याच्या एका वाचनालयात जिल्ह्यातल्या हौशी लोकांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. मी ते चित्र दिलं. नावाची चिठ्ठी लावायची होती, मी लिहिलं, 'अल्पशा आजाराने'. भिंतीवर माझ्या एका बाजूला राजहंस होता, दुसऱ्या बाजूला डोंगरातला सूर्य.

उद्घाटनाला नागपूरहून आलेले पाहुणे चित्राजवळ आले, चष्मा वर केला. "रचना चांगली आहे. पतंग आहेत का हे?" आणि उत्तर न ऐकता राजहंसाकडं गेले. मागून वाचनालयाचे सचिव येत होते. ते भंडाऱ्याचेच. चित्र नीट बघायला म्हणून त्यांनी बोट पुढं केलं आणि कोपऱ्यापासून चारेक अंगुळांवरून मागं घेतलं. धोतराला पुसलं, न लागताच.

"बाई," ते हळू आवाजात म्हणाले, "हे... कार्डाचे आहेत?"

"हो."

"फाडलेले?"

"हो."

"आणि हळद?"

मी चिठ्ठीकडं बोट केलं. त्यांनी चिठ्ठी वाचली आणि एकदम घाम पुसला. त्यांना सगळं कळलं होतं, एकही माणूस नसलेल्या चित्रातलं. संध्याकाळपर्यंत निम्म्या भंडाऱ्याला कळलं. लोक राजहंस सोडून माझ्या चित्रापुढं गर्दी करायचे, पण हात मागं बांधून, थोडं अंतर ठेवून. एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "आता घरी जाऊन आंग धुवा लागन व माय." तरी बघत होती. जाऊन आणखी दोघींना घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी काकाजी आले. वाचनालयाच्या देणगीदारांच्या पाटीवर त्यांचं नाव होतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं. सचिव त्यांच्या मागं मागं. हॉल भरलेला. काकाजी चित्रासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"हे आमच्या घरचे कोपरे होत!"

हॉलमधली सगळी माणसं वळली.

"काकाजी," मी म्हटलं, "मी कोणाचं नाव लिहिलं नाही. गावाचंही नाही. तुम्हीच ओळखलं."

मागं कोणीतरी विचारलं, "कोन होय हो हा?" आणि कोणीतरी सांगितलं. दोघांचेही आवाज लहान नव्हते. काकाजींनी वळून पाहिलं. तोंडातून निघून गेलं होतं, आता परत घेता येत नव्हतं.

"काढा हे," ते सचिवांना म्हणाले. "आत्ता काढा. नाहीतर पाटीवरचं माहं नाव काढा."

सचिव माझ्याकडं वळले. "बाई, काढून घ्या. समजून घ्या. तुमची नोकरी आहे, कशाला उगीच."

"मी लावलंय," मी म्हटलं. "मी काढणार नाही. ज्याला नको असेल त्यानं काढावं. खिळ्यालाच तर अडकवलंय."

सचिवांनी शिपायाला हाक मारली. तो आला, चित्राकडं पाहिलं आणि दोन पावलं मागं सरकला. "साहेब, माह्या घरी लगन हाये. मी नाही हात लावत."

"अरे, नुसतं खिळ्यावरून काढायचं!"

"मंग तुमीच काढा ना."

सचिवांनी हात पुढं केला नाही. काकाजींकडं पाहिलं. सगळ्यांनीच काकाजींकडं पाहिलं. त्यांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं, कार्डं निघायची होती. मयताच्या कोपऱ्यांना हात लावून त्या घरात परत कसं जायचं? ते उभे राहिले आणि मग काठी आपटत निघून गेले. गर्दीत कोणी हसलं नाही. पण त्यांना वाट द्यायलाही कोणी पटकन सरकलं नाही.

तर चित्र राहिलं. शेवटच्या दिवसापर्यंत राहिलं. सचिवांनी त्याच्यावर पडदा टाकायचं ठरवलं होतं म्हणे, पण पडदा टाकायलाही जवळ जावं लागतं.

माझं शौर्य म्हणून मी हे सांगत नाही. ज्या रिवाजानं तिची मरणाची बातमी झाकून टाकली, त्याच रिवाजानं माझं चित्र राखलं. मी फक्त हटले नाही.

शेवटच्या दिवशी मी स्वतः ते खिळ्यावरून उतरवलं, बगलेत घेतलं आणि बसस्टँडवर आले. पवनीच्या बसला सुट्ट्यांची गर्दी. मी खिडकीपाशी बसले, चित्र मांडीवर आडवं ठेवलं, तोंड वर. झाकायला काही आणलं नव्हतं आणि आणायचंही नव्हतं. लोक दांड्याला लोंबकळत होते, पण माझ्या शेजारची जागा रिकामी. एक जण बसायला वाकला, मांडीवर पाहिलं आणि पुन्हा उभा राहिला. कंडक्टरनं तिकीट लांबूनच दिलं. इतकी ऐसपैस मी त्या बसमध्ये आयुष्यात कधी बसले नाही.

बस सुटता सुटता एक म्हातारी चढली. काष्ट्याचं लुगडं, हातात पिशवी. गर्दीतून सरळ माझ्यापर्यंत आली.

"वाचनालयात चित्र लावनारी बाई तूच काय?"

"हो."

"चित्राचं आयकून मी आत्ता गेल्ती तठी. कुलूप होतं." ती बसली. शेजारच्या जागेवर, अंग न चोरता. "मी गोसी गावची. तिची मावशी होय मी."

मी चित्र तिच्याकडं वळवलं. तिला बोलायचं होतं.

"आमच्याकडं मानूस नाही आला सांगाले. कारडच आलं. मले कुठं वाचता येते? मी हळद पाह्यली. म्हटलं, पोरीले दिवस गेले असतीन, सातव्या महिन्याचं बोलावनं असन." ती कोपऱ्यांकडं बघत होती. "देवाजवर ठेवलं मी थे. दिवा लावला. आमचे मास्तर वाचाले येईपर्यंत दिवसभर थे देवाजवर होतं."

"फाटलेला कोना नाही दिसला?"

"दिसला ना. म्हटलं, डाकवाल्याच्या झोऱ्यात फाटला असन. हळद दिसल्यावर मानूस दुसरं काय पाह्यते व?"

बस पुलावरून गेली, धानाच्या बांध्या लागल्या. तिनं चित्राला हात लावला. सगळ्या भंडाऱ्यात तिनंच लावला. एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवत मधल्या मोकळ्या जागेपर्यंत आली आणि तिथं थांबली. विचारलं नाही, ही जागा काहून खाली सोडली म्हणून. निळ्या कागदावर मात्र बोट ठेवून म्हणाली, "हे काय होय?"

"तिनं दिलेले कागद. दुकानातले. माझे कागद चित्रात घाल, त्यात मी आलेच, म्हणाली होती."

म्हातारीनं मान हलवली. मग आमचं गाव यायला लागलं तसं तिनं विचारलं, "दुकान कुठं हाये त्याईचं?"

"स्टँडवरच. उतरलं की समोर."

"आन् तू हे असं आडवं धरून जाशीन?"

मी तिच्याकडं पाहिलं.

"उभं धर," ती म्हणाली. "पाहू दे लोकाईले. चाल, मीबी उतरते. मागच्या बसनं जाईन."

तिचं तिकीट पवनीचं होतं, तरी ती उतरली. स्टँडवर उतरलो तेव्हा दुकानापुढं दिवाळीची गर्दी होती, काकाजी गल्ल्यावर बसले होते. मी चित्र दोन्ही हातांनी छातीसमोर उभं धरलं, तोंड बाहेर करून. म्हातारीनं एका बाजूनं त्याची कड पकडली. आम्ही घाई केली नाही.